चौदा नंबरची खूण

सोमवार, ९ फेब्रुवारी २००९. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. महाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ललिताने नोकरीच्या अर्जाचे पान उघडले. कॉम्प्युटर बोलू लागला, "जे, स्लॅश, डॉलर, क्यू, सेमिकोलन, झेड." ललिताने कीबोर्डवरून हात उचलले. तिच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला मी टांगलेली होते. माझ्या एकवीस चौकटींत एकवीस खुणा होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी तपासणी यादी आहे. जुनी म्हणजे पंधरा महिन्यांची. तुम्ही हसाल, पण किराण्याची यादी दुपारपर्यंतसुद्धा जगत नाही, त्या मानाने मी बरीच म्हातारी आहे. नवी वेबसाइट तयार झाली की ती सगळ्यांना वापरता येते का, हे माझ्यावरून तपासतात. सगळ्यांना म्हणजे ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांनासुद्धा.

माझा जन्म नोव्हेंबर २००७ मधला. क्लास चालवणाऱ्या वैदेहीताई मुंबईला दोन दिवसांच्या शिबिराला गेल्या होत्या. परतताना वीर स्टेशनवर उतरल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत चौदा पानांची एक इंग्रजी यादी होती. रिक्षा महाडला पोचेपर्यंत त्यांनी त्यातली अर्धी कलमे पेन्सिलने खोडली. उरलेली मराठीत लिहिली, ती एकवीस भरली. पहिले कलम असे होते: "माउस काढून ठेवा. फक्त कीबोर्डने सगळीकडे जाता येते का?" दुसरे: "प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन आहे का?" अशी मी एका कागदावर मावले. गल्लीच्या तोंडाशी कुशाबांचे झेरॉक्सचे दुकान आहे. त्यांनी मला लॅमिनेट करून दिले आणि वर सांगितले, "आता पाण्यात टाकलीत तरी काय होणार नाय." हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी काम करण्याची पद्धत अगदी सोपी होती. प्रत्येक कलमापुढे एक चौकट. फळ्यावर लिहायच्या पेनाने तिच्यात बरोबरची खूण करायची. एकविसाव्या खुणेनंतर वैदेहीताई तपासणीच्या वहीत सही करायच्या आणि वेबसाइट लोकांसाठी खुली व्हायची. खुणा मात्र माझ्यावर तशाच राहायच्या. पुढची वेबसाइट आली की ओल्या फडक्याने मला पुसायचे आणि पुन्हा पहिल्या कलमापासून सुरुवात. नवा कागद लागत नसे, याचा मला अभिमान होता.

क्लास वेबसाइटही बनवून द्यायचा, ते काम आमोदचे. हुशार माणूस, हात भराभर चालणारा, बसून राहणे मात्र जिवावर येणारा. पहिल्या कलमासाठी तो माउस उपटून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. एकदा क्लासला आलेल्या बाईंनी बिस्किटे समजून डबा उघडला आणि किंचाळल्या. दुसऱ्या कलमाची कथा याहून मजेदार. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका लॉजची वेबसाइट होती, तीत बावीस छायाचित्रे. आमोदने बावीसही ठिकाणी वर्णन म्हणून 'फोटो' एवढेच लिहिले आणि मला खूण केली.

वैदेहीताईंनी ऐकून पाहिले. "फोटो, फोटो, फोटो," कॉम्प्युटर म्हणत राहिला.

"आमोद, हे लॉज आहे की स्टुडिओ?"

"कलमात वर्णन पाहिजे म्हटलंय ताई, केवढं ते कुठे म्हटलंय?"

"मग तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुझ्या नावाच्या जागी 'माणूस' लिहू. चालेल?"

त्या संध्याकाळी बावीस वर्णने लिहिली गेली. 'खोलीच्या खिडकीतून दिसणारा घाट', 'अंगणातला झोपाळा', 'जेवणाची पंगत'. मला फार बरे वाटले. मी नुसती टांगलेली नव्हते, माझ्यामुळे काहीतरी घडत होते.

सगळ्यांत लांबलचक कलम चौदावे. "मॉनिटर बंद करा. बोलणारे सॉफ्टवेअर सुरू करा. पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. सगळे समजले का?" पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे ते सॉफ्टवेअर. त्याला मराठी आवाज नव्हता, म्हणून हिंदी आवाजावर मराठी वाचून घ्यायचे. 'ळ' आला की तो अडखळायचा. ऐकायला प्रत्येक वेळी पाऊण तास लागायचा. लॉजचे मालक एकदा नेमके त्याच वेळी आले. काळा पडदा आणि त्याच्यासमोर मान तिरकी करून बसलेले दोघे पाहून म्हणाले, "मॉनिटर बिघडला का वीज वाचवताय?" आमोद म्हणाला, "तुमचं लॉज कसं ऐकू येतं ते बघतोय."

पहिल्या नऊ महिन्यांत सहा वेबसाइट माझ्या हाताखालून गेल्या. पोलादपूरच्या एका मुख्याध्यापकांनी तर माझी झेरॉक्स मागून घेतली. कौतुकाचे दिवस होते ते.

ऑगस्ट २००८ मध्ये माझ्या प्लॅस्टिकला तडा गेला. हवा दमट, खिडकी उघडी, आणि मी खिडकीच्या बाजूला. तडा नेमका चौदाव्या चौकटीवरून गेला. एका तपासणीत आमोदने तिथे खूण केली, ती प्रामाणिकपणे, पाऊण तास ऐकून. पण शाई फटीतून आत झिरपली आणि कागदात मुरली. पुढच्या वेळी फडके फिरले तेव्हा वीस खुणा गेल्या, एक राहिली.

वैदेहीताई म्हणाल्या, "नवीन काढू या का?" प्रिंटरमधली शाई संपली होती. आमोद मला कुशाबांकडे घेऊन गेला. कुशाबांनी जुन्या प्लॅस्टिकवरच नवे चढवले. "बघा, परत कोरी करकरीत," ते म्हणाले. मी कोरी नव्हते. खूण दोन प्लॅस्टिकांच्या खाली कायमची बंद झाली होती.

सुरुवातीला दोघांनाही ते ठाऊक होते. "चौदाला आधीच खूण आहे, विसरू नको हां," असे वैदेहीताईंनी त्याच आठवड्यात दोनदा सांगितले. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी सांगायचे राहिले. माणसाची नजर रिकाम्या चौकटी शोधते. भरलेली चौकट दिसली की हात पुढे सरकतो, आणि पाऊण तास वाचतो तो वेगळाच. यात लबाडी नव्हती. मी हे सगळे जवळून पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगते. ऑगस्टनंतर आणखी चार वेबसाइट तपासल्या गेल्या. एकही ऐकली गेली नाही.

चौथी वेबसाइट एका शिक्षण संस्थेची. संस्थेने ग्रंथालय सहायकाच्या तीन जागा काढल्या होत्या, त्यांतली एक दृष्टिहीन उमेदवारासाठी राखीव. अर्ज वेबसाइटवरूनच करायचा, मुदत शुक्रवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. सगळा मजकूर संस्थेच्या कार्यालयातून सीडीवर टाइप होऊन आला होता. आमोदने तो जसाच्या तसा चिकटवला. ३० जानेवारीला माझ्यावर वीस नव्या खुणा झाल्या, एकविसावी होतीच. वैदेहीताईंनी सही केली. संस्थेने जाहिरातीत खाली एक ओळ छापली, "दृष्टिहीन उमेदवारांना अर्ज स्वतः भरता येईल."

त्या ओळीमुळेच ललिता आली. उमरठच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून सकाळच्या गाडीने पोलादपूर, तिथून महाड. तिला जन्मापासून दिसत नाही. पुण्याला अंध मुलींच्या शाळेत शिकली, बी.ए. झाली, कॉम्प्युटर शिकली. बरोबर तिची आई काशीबाई. बोलणारा कॉम्प्युटर दोन तालुक्यांत याच क्लासमध्ये आहे, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

"स्वतःच भरायचा आहे ना? कुणाला मदतीला बसवू?" वैदेहीताईंनी विचारले होते.

"नको," ललिता म्हणाली. "गेल्या वर्षी एकाने मदत केली होती."

पुढचे काशीबाईंनी सांगितले. "त्या मेल्यानं फारमात बहिरी म्हणून लिवलान. मुलाखतीला गेली ही, तर साहेब काय बोलंचनात. पाटीवर लिवून दाखवतायत! आता ही वाचणार कशी?"

"मी विचारलं, सर, कुणी आहे का इथे?" ललिता म्हणाली. "तर खडूचा आवाज आला नुसता."

सगळे हसले, तीही हसली. पण ती नोकरी गेली ती गेलीच. वयाच्या अटीमुळे राखीव जागेसाठी हे तिचे शेवटचे वर्ष होते. आणि आता कॉम्प्युटर तिच्यासमोर जे, स्लॅश, डॉलर म्हणत होता.

"गो ललिते, हा काय बोलतो? इंग्रजी हाय का?"

"इंग्रजी पण नाय आये. कायच नाय हा."

आमोद उठून आला. पडद्यावर स्वच्छ, वळणदार मराठी दिसत होते. 'उमेदवाराचे संपूर्ण नाव.' तो म्हणाला, "सॉफ्टवेअर बिघडलं असेल. वेबसाइट तपासलेली आहे. एकवीसपैकी एकवीस."

"कशावरून?"

"यादीवरून."

"द्या बघू यादी."

त्याने मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिले. तिची बोटे माझ्यावरून फिरली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मित्रांनो, पंधरा महिन्यांत मला शेकडो वेळा हाताळले गेले, पण असे कुणी वाचू पाहिले नव्हते. आणि वाचण्यासारखे तिला काहीच सापडले नाही.

"गुळगुळीत आहे," ललिता म्हणाली. "दिसत नाही त्यांच्यासाठी यादी केलीत, आणि ती मलाच वाचता येत नाही."

आमोदने खाली पाहिले. मला वर पाहता येत असते तर मीही खालीच पाहिले असते.

वैदेहीताईंनी वाद घातला नाही. "पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. नेहमीप्रमाणे फडके ओले केले आणि मला पुसले. वीस खुणा गेल्या. एक राहिली. त्यांनी जोर लावून पुसले. नखाने खरवडले. वरचे प्लॅस्टिक खरडले गेले, खूण हलली नाही.

"आमोद, ही जात का नाही?"

आमोदने खुणेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "ती पावसाळ्यातली आहे, ताई."

"म्हणजे हे पान ऐकलंच नाहीस?"

"नाही."

"त्याच्या आधीचं?"

"ऑगस्टपासून एकपण नाही."

त्यांनी तपासणीची वही काढली. चारही ठिकाणी सही त्यांची स्वतःची होती. त्या खुर्ची ओढून ललिताशेजारी बसल्या आणि मॉनिटर बंद केला. ते पान त्यांनी काळ्या पडद्यासमोर शेवटपर्यंत ऐकले. एकही शब्द समजला नाही. मग उठून पाणी प्यायल्या.

चूक काय होती ते अर्ध्या तासात कळले. संस्थेच्या कार्यालयात जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरत. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात असते एखादे इंग्रजी अक्षर, फक्त त्याला 'क'चा पोशाख चढवलेला. डोळ्यांना पोशाख दिसतो. बोलणारे सॉफ्टवेअर पोशाख पाहत नाही, आतले अक्षर वाचते. उपाय एकच होता, सगळा मजकूर नव्या, युनिकोड पद्धतीने पुन्हा टाइप करायचा. तेहतीस पाने. दिवस उरले होते सव्वाचार. शिवाय संस्थेची परवानगी लागणार होती.

वैदेहीताईंनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. चूक आमची आहे, हे आधी सांगितले. अध्यक्ष सज्जन गृहस्थ. फॉन्ट बदलायचा म्हटल्यावर मात्र नाराज झाले. "पण ताई, ते अक्षर काय सुंदर दिसतं हो! नवीन अगदीच किडमिडीत."

"दिसतं सुंदर, साहेब. ऐकून बघता का?"

त्यांनी रिसीव्हर कॉम्प्युटरपुढे धरला. डॉलर, क्यू, सेमिकोलन.

"हे काय आहे?"

"वेबसाइटवरचा तुमचा शुभसंदेश, साहेब."

परवानगीचे पत्र मंगळवारी दुपारी आले.

आधी अर्जाचे पान घ्यायचे ठरले, बाकीची बत्तीस नंतर. आमोद टाइप करायचा, ललिता ऐकायची. तिला रोज वाडीला जाऊन येणे शक्य नव्हते, म्हणून मायलेकी महाडातच, काकरतळ्याला नातेवाइकांकडे राहिल्या. काशीबाई क्लासच्या बाकावर बसून तांदूळ निवडायच्या. तांदूळ वैदेहीताईंच्या घरचे होते, रिकामे बसवत नाही म्हणून त्यांनी मागून घेतले होते. ललिता तीनदा थांबवायची, चारदा थांबवायची. जन्मतारखेच्या रकान्याला नावच नाही. 'पुढे' हे बटण दोनदा येते. अपंगत्वाचा प्रकार निवडायच्या यादीत बाण दाबला की दोन ओळी एकदम सरकतात.

"थांबा," ती म्हणाली. "अशाच ठिकाणी मी गेल्या वर्षी बहिरी झाले असणार."

आमोद पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी गप्प होता. तिसऱ्या दिवशी मॉनिटर स्वतःच बंद करून तिच्याबरोबर ऐकत बसला. 'केवळ' हा शब्द आला आणि हिंदी आवाज नेहमीसारखा अडखळला.

"बिचाऱ्याला 'ळ' जमत नाही," आमोद म्हणाला.

"पुण्याला माझ्या वर्गातल्यांना मी वाडीचं बोललेलं पण समजायचं नाही. शिकले ते हळूहळू. हा पण शिकेल."

गुरुवारी भारनियमनाने चार तास घेतले. इन्व्हर्टर चाळीस मिनिटांत ओरडू लागला. त्या वेळात ललिताने माझी कलमे वैदेहीताईंकडून वाचून घेतली, एकेक, आणि पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचा काढला. दोन प्लॅस्टिके आणि एक कागद, चांगलाच जोर लागला. चौदाव्या कलमाच्या बाजूला तिने मागच्या बाजूने टिंबे टोचली. माझ्या अंगावर पहिल्यांदाच असे काही उमटले, जे बोटांना वाचता येते.

"काय लिवलंस गो?" काशीबाईंनी विचारले.

"'ऐकलं का?' एवढंच."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ललिताने अर्ज भरायला घेतला. माउस बिस्किटांच्या डब्यात होता. नाव, पत्ता, शिक्षण. अपंगत्वाचा प्रकार: "दृष्टिहीन," कॉम्प्युटर म्हणाला. तिने तो शब्द पुन्हा ऐकला, मग तिसऱ्यांदा. काशीबाईंनी तांदळातला हात थांबवला होता. चार वाजून सव्वीस मिनिटांनी ललिताने शेवटचे बटण दाबले. काही क्षण काहीच झाले नाही. मग आवाज आला, "आपला अर्ज मिला... मिळाला. अर्ज क्रमांक सत्त्याऐंशी."

"कुणी भरलान?" काशीबाईंनी विचारले. त्यांना माहीत होते, तरी विचारले.

"मीच."

उरलेली बत्तीस पाने पुढच्या आठवड्यात झाली. ऑगस्टनंतरच्या बाकी तीन वेबसाइटही ललिताने ऐकल्या. दोन ठीक निघाल्या, एकीत सात चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. आता ती दर बुधवारी क्लासला येते. चौदावे कलम तिचे आहे, तिने "ऐकलं" म्हटल्याशिवाय वहीत सही होत नाही. कामासाठी नवी यादी आली आहे. तिला प्लॅस्टिक नाही. प्रत्येक वेबसाइटला कोरा कागद, आणि शेजारी ब्रेलमधली प्रत. मी खिडकीपासून दूर, दाराजवळच्या खिळ्यावर आहे. क्लासची मुले येता-जाता विचारतात, ही जुनी यादी का ठेवली? आमोद त्यांना माझी चौदावी चौकट दाखवतो आणि फडके हातात देऊन म्हणतो, "पुसून दाखव."

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. माझ्यासारख्या याद्या तुम्हीही वापराल. दप्तर भरताना, गॅस बंद करून घराबाहेर पडताना, पुढे मोठ्या कामांत. जरूर वापरा. पण सुरुवात करण्याआधी यादी खरोखर कोरी आहे का ते बघा, आणि ज्याच्यासाठी ती केली आहे त्याच्या हातात एकदा देऊन बघा. माझ्यावर खूण होती म्हणून काम झाले असे सगळे समजले. मला बोलता येत नव्हते, नाहीतर ऑगस्टमध्येच सांगितले असते.

मुलाखतीला बोलावलेल्यांची नावे २५ फेब्रुवारीला वेबसाइटवर लागणार होती. त्या दिवशी बुधवार होता, ललिता क्लासमध्येच होती. नावे लागली नाहीत. गुरुवारी आणि शुक्रवारी तिने वाडीतल्या शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारले. आज शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळी बरोबर अकरा वाजता तिचा फोन आला. वैदेहीताईंनी तिच्या अर्जाचे पान उघडले, मॉनिटर बंद केला आणि रिसीव्हर कॉम्प्युटरपुढे धरला.

"अर्ज क्रमांक सत्त्याऐंशी," आवाज स्पष्टपणे म्हणाला. "छाननी सुरू आहे."